नोकरी, गाणे आणि घरखर्च

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्यातलाच एक नोकरदार मुलगा बँकेत माझ्या काउंटरवर आला. पासबुक भरून घेतले आणि हळूच म्हणाला, "काका, नोकरी सोडून पूर्णवेळ गायनपार्टी काढली तर?" मागे रांग होती. मी हसून वेळ मारून नेली. उत्तर आज देतो.

आपल्या घरातली नोकरी एकट्याची नसते. तिच्यावर बहिणीचे लग्न, धाकट्याची फी, म्हातारीचे औषध चालते. म्हणून "बेधडक राजीनामा दे" असे मी सांगणार नाही. पण "गप्प बस" असेही म्हणवत नाही, कारण खुद्द बाबासाहेबांनी नोकरी सोडली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, त्या काळी फार मोठा. मार्च १९२० मध्ये तो सोडला आणि अपुरे शिक्षण पुरे करायला लंडन गाठले. पण कसे? पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले. आणि मागे परळच्या चाळीत रमाईने संसार ओढला. ही रक्कम कोणत्याच खात्यात लिहिलेली नाही.

आता लेखकाचे उदाहरण. बाबुराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे, जन्म १७ जुलै १९३०. बालपण माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेले. पुढे सुरतेला रेल्वेत काम केले. आपल्या जळगावाहून नंदुरबारमार्गे जी गाडी जाते, तीच सुरत. तिथे खोली मिळवायची तर जात लपवावी लागे. तो अनुभव 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या कथासंग्रहात उतरला. विद्यार्थी मित्रांनो, पुढची तारीख नीट ऐका. १९६८ पर्यंत ते मिळेल ते कष्टाचे काम करीतच होते. पूर्णवेळ लेखनाकडे वळले ते त्यानंतर. म्हणजे पुस्तक आधी आले, नोकरी नंतर सुटली. १९६९ मध्ये 'मरण स्वस्त होत आहे' आले. दया पवारांनी तर रेल्वेत नोकरी करता करताच 'बलुतं' लिहिले, १९७८ साली. त्यांना कोणी कमी लेखक म्हणेल का? (आम्हा कारकुनांना या नावाचा जरा जास्तच आधार वाटतो, हे कबूल करतो.)

आणि वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत मिळेल ती मजुरी केली, अक्षरओळखही मोठेपणी झाली. पुढे गाणे हेच त्यांचे काम झाले. गावोगाव फिरले, १५ मे २००४ रोजी गेले, तोवर लिहीत-गात राहिले. एप्रिल आला की त्यांची गाणी आपल्या बोदवडात गल्लोगल्ली वाजतात.

आता जरा कडू बोलतो, रागावू नका. गाणाऱ्याला आपण काय देतो? मंडपवाल्याची रक्कम आधी ठरते, लाऊडस्पीकरवाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडी काढत नाही. गायकाला मात्र रात्री दोनला नारळ, हार आणि "समाजाचेच काम आहे, दादा." ढोलकीवाला पहाटे बोदवड स्टेशनवर गाडीची वाट बघत बसतो आणि सकाळी मजुरीला हजर होतो. पुस्तकाचेही तेच. लेखकाचा सत्कार करतो, आणि प्रत मात्र भेट मागतो. मीही मागितली आहे. मग आपला मुलगा "नोकरी सोडू का" असे विचारतो तेव्हा आपण त्याच्यावर घाबरट किंवा उतावळा असा शिक्का मारायचा कशाच्या जोरावर? त्याचे गाणे आपल्याला फुकट हवे आहे आणि त्याच्या घरचा किराणा मात्र त्याच्या बायकोने बघायचा!

अध्यक्षसाहेब, माझी एकच विनंती आहे. यंदाच्या जयंतीच्या जमाखर्चात मंडप-लाऊडस्पीकरच्या वर 'गायक-वादक मानधन' असे खाते लिहा. रक्कम आधी ठरवा, पाकीट कार्यक्रमाआधी द्या. वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

त्या मुलाला मी सोमवारी बोलावले आहे. वर्षभरात किती कार्यक्रम झाले, किती पैसे हातात आले आणि घरी किती लागतात, ती वही घेऊन ये म्हटले आहे. येताना बायकोलाही घेऊन ये, असेही सांगितले आहे.

जयभीम.