दाईच्या घरचे गाणे



गेल्या वर्षी दिवाळीनंतर मावळात आंबीला जाण्याचा योग आला. तळेगावची कारखान्यांची वसाहत वाढत वाढत आंबीला येऊन भिडली आहे. तरी भातखाचरे अजून शिल्लक आहेत, आणि त्या दिवसांत भाताची झोडणी चालू होती. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या पडवीत एक मोठा पिंजरा होता. घरातला आठवीतला मुलगा माझा हात धरून मला तिकडे घेऊन गेला. म्हणाला, "काका, ह्याला काय झालंय ते सांगा. हा आजारी आहे का?"

पिंजऱ्यात एक तरणाबांड झेब्रा फिंच होता. लाल चोच, गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळे पट्टे. अंगाने अगदी खणखणीत. पण शेजारी त्याच्याच जातीची मादी बसलेली असताना तो तिच्याकडे ढुंकून बघत नव्हता. पलीकडे तपकिरी-पांढरे बेंगालीज पक्षी होते, त्यांच्यातल्या एका मादीपुढे तो नाचत होता, आणि गाणेही बेंगालीजचेच म्हणत होता.

मी विचारले, "ह्याला वाढवलं कुणी?" तेव्हा उलगडा झाला. मुलाच्या झेब्रा जोडीने अंडी घातली आणि टाकून दिली. पोराने चार अंडी उचलून बेंगालीजच्या घरट्यात ठेवली. दोन फुटली, आणि त्यातला एक जगला, तो हा.

ही युक्ती त्याची एकट्याची नव्हे. पक्षी पाळणारे जगभर ती करतात. बेंगालीज हा पक्षी दाई म्हणून प्रसिद्धच आहे. दोन नर एकत्र ठेवले तरी ते परक्याची अंडी उबवतात, पिल्ले भरवतात. ऑस्ट्रेलियातला गोल्डियन फिंच आपण चित्रांत पाहतो, लाल नाहीतर काळ्या तोंडाचा, हिरव्या पाठीचा, जांभळ्या छातीचा. ऑस्ट्रेलियाने १९६० साली आपले पक्षी बाहेर पाठवणे बंद केले. मग जपानात आणि इतरत्र जी गोल्डियनची वाण टिकली, त्यातली पुष्कळशी बेंगालीजच्या पंखाखाली वाढली. गोल्डियनच्या पिल्लाच्या जबड्याच्या कडेला निळे चमकदार मणी असतात; बेंगालीजच्या पिल्लाला ते नसतात. तरी ही दाई त्या परक्या तोंडात दाणा घालते.

आता ऐका गंमत. ह्या बेंगालीजचा बंगालशी काही संबंध नाही. त्याचा मूळ पुरुष म्हणजे पाठीवर पांढरा पट्टा असलेली रानातली मुनिया. ती लोणावळ्याच्या बाजूला घाटातल्या झाडीत आजही दिसते. तिचीच चीनकडची भावंडे १७६३च्या सुमारास जपानात नेली गेली, आणि अडीचशे वर्षे पिंजऱ्यात पोसून हा पाळीव पक्षी तयार झाला. जपानीत त्याचे नाव ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो 'दहा बहिणी'. आपल्याकडे सातभाई, त्यांच्याकडे दहा बहिणी! आणि आपले सातभाईदेखील बिचारे पावशाचे पोर वाढवतातच.

हे बोलणे चालले असताना मुलाची आजी सूप घेऊन उंबऱ्यात बसली होती. तिने मला नेमके पकडले. "मग कोकिळेचं पोर कावळ्याकडं वाढतं, ते का नाही काव काव करत?"

गुरुजनहो, हा प्रश्न वर्गात जरूर घाला. संस्कृतात कोकिळेला परभृत म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. हजारो पिढ्या तिची परक्या घरात गेल्या. तिचा आवाज जन्मतःच तिच्याबरोबर येतो, शिकावा लागत नाही. फिंचचे तसे नाही. त्याचा नर लहानपणी जवळच्या मोठ्या नराचे गाणे ऐकतो, घोकतो, चुकतो, सुधारतो, आणि तीनेक महिन्यांत ते पक्के होते. घरात गाणारा बेंगालीज असेल तर तो बेंगालीजचे गाणे उचलणार. एवढ्यावर थांबते तर बरे होते. पुढे जोडीदार कोणता हवा, हेही तो वाढवणाऱ्याच्या रूपावरून ठरवतो. क्लाउस इमेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९६०नंतरच्या वर्षांत हे प्रयोग केले. बेंगालीजने वाढवलेल्या झेब्रा नरांना त्याने स्वजातीच्या माद्यांबरोबर ठेवले. त्यांनी संसार केला, पिल्लेही वाढवली. पण नंतर दोन्ही जातींच्या माद्या समोर आणताच बहुतेक नर दाईच्या जातीकडेच वळले.

दुसरा प्रयोग जपानातला, २०१०चा. रानमुनियाची पिल्ले बेंगालीजला दिली आणि बेंगालीजची रानमुनियाला. पाळीव पिल्लांनी दोन्हीकडची गाणी सारखीच छान उचलली. रानमुनियाच्या पिल्लांना मात्र स्वतःच्या जातीचे गाणे बिनचूक येई, बेंगालीजचे तितके साधत नसे. रानात आपली जात ओळखण्यात चूक परवडत नाही. अडीचशे वर्षे आयता राळा खाल्लेल्याला ती परवडते.

तेव्हा दाई ठेवूच नये का? माझे मत विचाराल तर अडचणीपुरती जरूर ठेवावी. आईबापांनी अंडी टाकली, आई मेली, अशा वेळी डोळ्यांदेखत जीव जाऊ देण्यात काही शहाणपण नाही. पण काही पाळणारे अंडे पडले की उचलतात. का, तर मादी पुन्हा लवकर अंडी घालते आणि विकायला पिल्ले जास्त मिळतात. हे मला पसंत नाही. अशाने पिल्ले भरवता न येणाऱ्या आईबापांचीच वाण वाढते.

अंडी ठेवायचीच, तर दाईने स्वतःची अंडी नुकतीच घातलेली असावीत, म्हणजे दिवसांचा मेळ बसतो. खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवताना आपण हाच हिशोब करतो. कोंबडीचे दिवस एकवीस, बदकाचे अठ्ठावीस. पिल्ले असताना भिजवून मोड आणलेला राळा, उकडलेले अंडे कुस्करून, आणि समुद्रफेण किंवा अंड्याच्या कवचाचा चुरा द्यावा. पिल्ले स्वतः दाणे फोडू लागली, म्हणजे पाचेक आठवड्यांची झाली, की त्यांना दाईपासून काढून स्वजातीच्या गाणाऱ्या नराशेजारी ठेवावे. त्या वयात गाणे अजून पक्के झालेले नसते.

मुलाने मध्येच विचारले, "खाचरात मुनियांचे थवे येतात. त्यातली एक धरून दाई केली तर?" नाही बाळ, ते अजिबात करायचे नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने रानातली मुनिया धरणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. बाजारात हिरव्या-गुलाबी रंगवलेल्या मुनिया कोणी विकायला आणल्या तर त्या रानातूनच धरलेल्या असतात. घेऊ नका, वनखात्याला कळवा. मुनिया बघायची तर बांधावर उभे राहून बघा. गवताचा गोल चेंडूसारखा खोपा, बाजूला दार, आणि नर-मादी आळीपाळीने आत-बाहेर.

त्या दिवशी मी मुलाला एवढेच सांगितले, की बेंगालीजचा पिंजरा परसदारी ने. नजरेआड आणि कानाआडही. ते दिसेनासे झाले तर हा आपल्या मादीकडे वळेल.

माघात त्याचा फोन आला. नर वळला होता; काड्या वेचून मादीला नेऊन देत होता आणि घरट्यात चार अंडी होती. "पण काका, गाणं अजून तेच म्हणतोय." तेच म्हणणार, मी म्हटले, ते आता बदलायचे नाही. त्या अंड्यांतून नर निघाले तर ते बापाजवळ बसून गाणे शिकतील, आणि बापाला येते ते बेंगालीजचेच. त्यांच्या कानावर दुसरे गाणे पडायला हवे असेल, तर पिल्ले दाणे फोडू लागण्याआधी त्याने शेजारी एखादा चांगला गाणारा झेब्रा नर आणून ठेवावा. तळेगावात कोणाकडे मिळतो का, ते तो बघतो आहे.