नर्सिंगला निघालेल्या मुलीची पिशवी

(महिला मंडळे आणि बचत गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावणारा निरोप अगदी छोटा होता. "आमच्या वस्तीतल्या चार मुली यंदा नर्सिंगला लागल्यात. मंडळातर्फे त्यांना काहीतरी उपयोगाची भेट द्यायची आहे. काय द्यावं ते येऊन सांगा." हा निरोप मला फार आवडला. एरवी आपण सत्कार म्हटलं की शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांच्यापुढे जात नाही. इथे कुणीतरी 'उपयोगाची' हा शब्द वापरला होता.

आधीच सांगते, मी नर्स नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर काही वर्षं मी एका मोठ्या रुग्णालयात समाजसेविका होते. माझं टेबल होतं ओ.पी.डी.च्या कोपऱ्यात, नर्सिंग होस्टेलकडे जाणाऱ्या वाटेवर. पेशंटांची औषधं, पैसे, नातेवाईक हे माझं काम. पण ड्युटी संपवून परतणाऱ्या मुली त्या टेबलाशी थांबायच्या. कुणी पाणी प्यायची, कुणी रडायची, कुणी नुसते बूट काढून बसायची. मला जे कळलं ते त्या टेबलावरून कळलं.

या मुली करतात काय, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना नीट माहीत नसतं. "नर्सिंगला आहे, म्हणजे नोकरीची हमी" एवढंच आपण म्हणतो. ए.एन.एम. दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. पण हे नुसतं वर्गात बसून शिकणं नव्हे. पहाटे उठून आंघोळीच्या रांगेत उभं राहायचं, मेसमधलं मिळेल ते खायचं, साडेसात-आठला वॉर्डात हजर. खाटांच्या चादरी बदलायच्या, पेशंटची अंगं पुसायची, ताप-नाडी-श्वास मोजून लिहायचं, बेडपॅन द्यायचं. दुपारी लेक्चर. संध्याकाळी प्रोसिजरची वही लिहायची. रात्रपाळी लागली तर सकाळी ड्युटी संपवून पुन्हा लेक्चरला, डोळे मिटत असताना. वर सिनियर दिसली की भिंतीला चिकटून वाट द्यायची.

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटांमागे एक नर्स असावी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. मी पाहिलेल्या वॉर्डात रात्री चाळीस खाटा, जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या, आणि एक स्टाफ नर्स. मग उरलेलं काम कोण करतं? तुमच्या वस्तीतली ती अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. काम करताना ती नर्स असते. काही मागायला गेली की मात्र "तू अजून विद्यार्थिनी आहेस" असं ऐकते. हा दुहेरी न्याय लक्षात ठेवा, कारण आपली पिशवी याच फटीसाठी भरायची आहे.

प्रवेश झाला की शाळा एक यादी देते. त्यातल्या वस्तूंपासून सुरुवात करू.

पहिली वस्तू घड्याळ, आणि सेकंदाचा काटा असलेलंच. मोबाइल वॉर्डात बहुतेक ठिकाणी काढू देत नाहीत. नाडी मोजायची ती काट्यावर. सलाईन लावायचं तेही काट्यावर. समजा पाचशे मिलीलीटरची बाटली आठ तासांत जायची आहे आणि नळीतून वीस थेंबांना एक मिलीलीटर पडतं, तर मिनिटाला साधारण एकवीस थेंब पडायला हवेत. ते थेंब मुलगी काट्याकडे बघून मोजते. मनगटावरच्या घड्याळाने हात कोपरापर्यंत नीट धुता येत नाहीत, म्हणून छातीला पिनने लावायचं, उलटं लटकणारं घड्याळ मिळतं ते घ्या. फार महाग नसतं.

मग बूट. यात मात्र कंजुषी करू नका. आठ तास फरशीवर उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या कंपनीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. पायांच्या शिरा फुगतात, टाचा दुखतात, आणि "एवढ्यात काय झालं तुला" असं वर ऐकावं लागतं. बूट पुढून बंद हवा, म्हणजे सुई किंवा कात्री पडली तर पायात घुसणार नाही. तळ ओल्या फरशीवर न घसरणारा हवा, आणि पुसून स्वच्छ होणारा. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय सुजलेले असतात. आणि मुलीला बरोबर न्या! एका मंडळाने अंदाजाने सहा नंबरचे बूट आणले होते. मुलीचा पाय पाच नंबरचा. तिने वर्षभर पुढे कापूस कोंबून ते घातले, कारण "बायकांनी प्रेमाने दिले होते".

कात्री साधी नको. बँडेज कापायची कात्री वेगळी असते. तिचं एक पातं टोकाला बोथट, गोल असतं, म्हणजे ते कातडीला न टोचता पट्टीखालून सरकतं. छोटी टॉर्च लागते, पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघायला. पेनं निळी आणि लाल दोन्ही द्या, पुष्कळ ठिकाणी रात्रीची नोंद लाल शाईने करतात. आणि पेनं डझनाने द्या, कारण डॉक्टर ती मागून नेतात आणि परत देत नाहीत. (हसू नका, हा माझा सगळ्यात पक्का निष्कर्ष आहे.) स्टेथोस्कोप आणि बी.पी.चं यंत्र महाग पडतं. चौघींत मिळून एक संच दिलात तरी पहिलं वर्ष निघेल.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. घड्याळ पेशंटची नाडी मोजायला, टॉर्च पेशंटचे डोळे बघायला, कात्री पेशंटची पट्टी कापायला. बूट सोडले तर या यादीत मुलीसाठी काहीच नाही. बूटही यादीत येतात ते गणवेशाचा भाग म्हणून, रंगासकट. तिचं स्वतःचं शरीर आहे, तिला पाळी येते, तिला सुई टोचू शकते, तिच्या अंगावर कुणी हात टाकू शकतं, याचा त्या कागदावर पत्ताच नाही. ती दुसरी यादी आपल्याला करावी लागेल.

पाळीपासून सुरू करते. अजून अनेक शाळांचा गणवेश पांढरा आहे. रात्रपाळीत बाई बारा-बारा तास वॉर्ड सोडू शकत नाही, आणि सोडला तरी नर्सेसचं संडास दोन मजले खाली. पांढऱ्या कपड्यावर डाग पडला म्हणून ड्युटीवरून हाकललेली मुलगी माझ्या टेबलाशी येऊन बसली होती. हा रंग बायकांनी निवडला असेल असं मला तरी वाटत नाही. तर पिशवीत पॅड किंवा सुती घड्या, एक जादा निकर, सेफ्टी पिना आणि गडद रंगाचा परकर. आणि पाण्याची बाटली. मुली संडासला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ घेऊन त्याच ओ.पी.डी.च्या रांगेत उभ्या राहतात.

आता जे सांगते ते वस्तूबद्दल नाही. पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, आईवडील ऊसतोडीला जाणारे, घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. एका पेशंटला इंजेक्शन दिल्यावर सुईवर टोपण परत बसवताना तिच्या बोटात सुई गेली. तिने बोट तोंडात धरलं, पट्टी गुंडाळली आणि कुणालाही सांगितलं नाही. मला कळलं पाचव्या दिवशी, तेही मैत्रिणीकडून. मी विचारलं, का गं सांगितलं नाहीस? म्हणाली, "मॅडम, सिस्टर म्हणतील नीट काम येत नाही. घरी पाठवतील."

पाच दिवस! एच.आय.व्ही.पासून बचाव करणारी औषधं अशा वेळी बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात, खरं तर पहिल्या दोन तासांत झाली तर उत्तम, आणि पुढे अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. ती वेळ निघून गेली होती. पुढचे सहा महिने तिने तपासण्या आणि भीती यांच्यात काढले. तपासण्या निर्दोष आल्या, हे आमचं नशीब. मेट्रनबाईंकडे मी तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं की हातमोजे न घालता ही मुलगी इंजेक्शन का देत होती. हातमोजे कपाटात होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती. मी त्या दिवशी गप्प बसले. आज बसले नसते.

म्हणून आपली पहिली भेट म्हणजे कावीळ 'ब'ची लस. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. वॉर्डातली ड्युटी सुरू व्हायच्या आत पहिला तरी पडायलाच हवा, म्हणून बुटांच्याही आधी याचं बघा. शाळा देत असेल तर उत्तमच, मग त्याचं कार्ड मागून घ्या. देत नसेल तर मंडळाने द्यावी, आणि शाळेला पत्र लिहून का देत नाही ते विचारावं. कावीळ 'क'ला आणि एच.आय.व्ही.ला लस नाही, त्यासाठी सवयच लागते. सुईवर टोपण परत बसवायचं नाही. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची, २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत ते लिहिलेलं आहे. टोचलीच तर बोट दाबायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, लगेच सांगायचं, लेखी नोंद करून घ्यायची. हे एका कार्डावर लिहून पिशवीच्या आतल्या कप्प्यात शिवून टाका. शिवलेलं हरवत नाही.

कपडे बदलण्याच्या जागेबद्दल बोलायचं तर अरुणा शानबाग यांचं नाव घ्यावंच लागतं. २७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातली ही नर्स तळघरात कपडे बदलायला गेली आणि तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. त्याला शिक्षा झाली ती चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची, बलात्काराची नाही. अरुणाताई १८ मे २०१५ला गेल्या. मधली बेचाळीस वर्षं त्यांना सांभाळलं ते तिथल्या नर्सेसनी, पिढ्यानपिढ्या. त्यांच्या सेवेचं कौतुक सगळ्यांनी केलं, सर्वोच्च न्यायालयानेही २०११च्या निकालात केलं. पण ती नर्स कपडे बदलायला तळघरात का गेली, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला. तुमच्या चार मुली जिथे जाणार आहेत तिथे कपडे बदलायची खोली आहे का, तिला आतून कडी आहे का, रात्री होस्टेलच्या वाटेवर दिवा आहे का, हे मंडळाच्या दोघीजणींनी प्रत्यक्ष जाऊन बघावं. पालक म्हणून जाता येतं, कुणी अडवत नाही.

आणि २०१३चा कायदा मुलींना माहीत करून द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या या कायद्यात 'कामाचं ठिकाण' म्हणून रुग्णालयाचं नाव स्पष्ट आहे. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही, म्हणजे "तू विद्यार्थिनी आहेस" हे उत्तर इथे चालत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि छोट्या दवाखान्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची. पेशंट किंवा त्याच्या नातेवाइकाने त्रास दिला तरी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. समितीच्या अध्यक्षबाईंचं नाव आणि फोन मुलीने पहिल्याच आठवड्यात उतरवून घ्यावा. नोटीस बोर्डावर नसेल तर तेवढं विचारण्यानेसुद्धा तो बोर्ड लागतो, असा माझा अनुभव आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते. दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आणि जातीचा दाखला कुठेही जमा करून विसरायचं नाही. तपासायला दिले तर पोच घ्यायची आणि परत आणायचे. पुढे खासगी रुग्णालयात नोकरी लागली की प्रमाणपत्रं अडकवून ठेवतात आणि बाँड लिहून घेतात. प्रत्येक कागदाच्या पाच-पाच झेरॉक्स प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून द्या. बँकेचं खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं हवं, भावाबरोबर जॉइंट नको. स्टायपेंड कितीही किरकोळ असो, तो तिच्या हातात पडला पाहिजे. आणि एक छोटी डायरी, रोज किती वाजता ड्युटीवर गेले, किती वाजता सुटले, एवढंच लिहायला. २०१६ साली केंद्राच्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा. अशा शिफारशीवर भांडायला उभं राहायचं तर हातात तासांचा हिशेब लागतो, आणि ती सवय विद्यार्थिनी असतानाच लागते.

एवढं सगळं चौघींना देणं मंडळाच्या एका वर्षाच्या शिलकीत बसेल का, असं मघाशी कुणीतरी मागे हळूच विचारलं. पूर्ण बसणार नाही. मग लस, बूट आणि ते शिवलेलं कार्ड यंदा द्या. स्टेथोस्कोप पुढच्या वर्षी. शाल-नारळाचे पैसे वाचतातच. चार मुलींपैकी दोघी आत्ता इथे मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पुढे यावं. मी मोजायची टेप आणली आहे. पायांची मापं आजच घेऊन टाकू.