मासा खालून बघतो



तळ्यावर मरळ गरवणाऱ्यांना या माशाची एक खोड पक्की ठाऊक असते. मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. हवा घ्यायला ती अधूनमधून वर येते. वर आली की पाणवनस्पतींच्या कडेला बसलेला बेडूक, पाण्यात पडलेला नाकतोडा, जे तोंडापुढे येईल ते ओढते. अशा माशासाठी पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष फार कामाचं. त्याला पॉपर म्हणतात. दुकानात तो मिळतो, पण घरी केलेला त्याच्या तोडीस तोड असतो. मात्र तो करताना कोणाच्या नजरेनं बघायचं, हे आधी ठरवावं लागतं.

तरंगत्या आमिषांच्या दोन परंपरा आहेत. इंग्लंडच्या दक्षिणेला टेस्ट नावाची नदी आहे. तिचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ. तिथला ट्राउट पाण्यावर उतरलेले इवलेसे कीटक निवडून टिपतो. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली अशा कीटकांसारख्या खोट्या तरंगत्या माश्या गळावर कशा बांधायच्या यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पाण्यावर जो कीटक उतरला असेल त्याचीच हुबेहूब नक्कल हवी, हा त्यांचा आग्रह. दुसरी परंपरा अमेरिकेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी बास माशासाठी गळावर बूच बसवलं, असं मानतात. ते बूच कुठल्याच जिवाची नक्कल नव्हतं. तरी मासे त्यावर तुटून पडत.

कारण मासा खालून बघतो. वर पाहताना त्याला बाहेरचं जग एका गोल झरोक्यातून दिसतं. त्याचा कोन सुमारे ९७ अंशांचा. त्यापलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशाचं काम करतो. त्यावर काही टेकलं की खळगी पडते आणि तिथला उजेड मोडतो. माशाला आधी दिसतो तो हा मोडलेला उजेड, मग पाण्याखाली लोंबणारं पोट आणि शेपूट. पॉपरच्या पाठीवर आपण हौसेनं काढलेले हिरवे ठिपके दिसतात ते फक्त आपल्याला.

आता कृतीकडे वळू. वाइनच्या बाटलीचं खरं बूच मिळालं तर उत्तम. त्याच्या पेशींमध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून ते तरंगतं. नाहीच मिळालं, तर पाण्यावर तरंगणाऱ्या जुन्या हवाई चपलेचा तळ चालतो. बूच पात्यानं कापून, पॉलिश पेपरनं घासून मागे निमुळतं करा. पुढचं तोंड मात्र रुंद ठेवा आणि पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून ते आतून खोलगट घासा. सगळी करामत या खळग्यात आहे. ओढ दिली की तो पाणी पुढे ढकलतो, हवा खाली दाबतो आणि ‘डुबुक्’ असा आवाज निघतो.

मग बुचाच्या पोटाला हॅक्सॉच्या पात्यानं लांबट खाच पाडा. गळाच्या दांडीला आधी रिळाचा दोरा घट्ट गुंडाळा. गुळगुळीत दांडीवर बूच गरागरा फिरतं. गळ खाचेत बसवून अरल्डाइट भरा आणि रात्रभर वाळू द्या. गळ जितका पोटाच्या कडेला बसेल तितकं त्याचं टोक बुचापासून लांब राहतं. खोल रुतवला, तर मासा चावतो पण गळ लागत नाही. रॉड-रिळानं लांब फेकायचा असेल, तर शेपटीकडे शिशाचा छोटा मणी बसवा. त्यानं वजन येतं, शिवाय शेपूट पाण्यात झुकून तोंड वर राहतं. रंग देण्याआधी बादलीत सोडून बघा. आडवा पडला, तर मण्याची जागा बदला.

शेपटीला कोंबड्याची पिसं बांधा. चिकनच्या दुकानात सांगून ठेवलं की मिळतात. बारीक तरंगत्या माशीसाठी कोंबड्याच्या मानेची ताठ पिसं हवीत. ती गळाभोवती उभी गुंडाळली की त्यांची टोकं पाण्याच्या पृष्ठताणावर टेकून माशीला उचलून धरतात. कोंबडीचं मऊ पीस पाणी पितं आणि बुडतं.

पिसांवरून आपल्या सह्याद्रीची आठवण होते. इथल्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या, मेणाचे ठिपके असावेत तशा पिसांना विलायतेत सामन माशाच्या आमिषांसाठी मोठी मागणी असे. आज हा पक्षी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तिकडे हरणाचे पोकळ केसही वापरतात. इथं हरणाचा तर नादच नको. मरळीचं गावठी कोंबड्यावर छान भागतं.

फेकण्याची रीत साधी, पण संयमाची. पॉपर पडला की वलयं विरेपर्यंत हात थांबवा. मग मनगटाचा एक झटका, आणि पुन्हा थांबा. पुष्कळदा मासा येतो तो या थांबण्यातच. पाणी उसळलं म्हणून लगेच ओढू नका, नाही तर आमिष त्याच्या तोंडातून निसटतं. तंगूसवर वजन जाणवू द्या, मग ओढा. गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाका. लहान मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही, आणि कधी आपल्याच बोटात गळ शिरला तरी सहज निघतो.

शेवटी एक सांगतो. पावसाळ्याच्या सुमारास तळ्यात तांबूस पिल्लांचा थवा हवेसाठी सारखा वर येताना दिसेल. खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात. त्या थव्यावर पॉपर टाकला, तर मरळ धावून येणारच. ती भुकेनं नव्हे, तर पिल्लांसाठी येते. तिला काढलं, की उघडी पडलेली पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. माशाच्या नजरेनं बघायला शिकलेल्यानं एवढं ओळखावं, रीळ गुंडाळावं आणि पलीकडच्या काठावर जावं.