खोट्या नावांचं मस्टर
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषण करणारा माणूस नाही. दिवसा गोदीत पेट्या उचलतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. इंग्रजी मॅट्रिकपुरतं. तरी फुटपाथवर चाळीस रुपयांना मिळालेली एक इंग्रजी कादंबरी डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन महिने वाचली. ग्रॅहम ग्रीनची 'अवर मॅन इन हॅवाना', १९५८ सालची. लोक तिला विनोदी हेरकथा म्हणतात. मीपण हसलो. अर्ध्यावर हसू बंद झालं. का ते सांगतो.

क्युबाच्या राजधानीत वर्मोल्ड नावाचा इंग्रज व्हॅक्युम क्लीनर विकतो. धंदा बसलेला, पोरीला घोडा पाहिजे. ब्रिटिश हेरखातं त्याला सांगतं, गुप्त माणसं नेम, पैसे आम्ही देतो. हा कुणालाच नेमत नाही. क्लबाच्या सभासदांच्या यादीतून नावं उचलतो आणि त्यांच्या नावावर पैसे घेतो. पुढं तर कमालच. व्हॅक्युम क्लीनरच्या सुट्या भागांची चित्रं काढून, डोंगरात बांधलेली भयंकर शस्त्रं म्हणून लंडनला पाठवतो. साहेबांना शस्त्रं हवीच होती, ती त्यांना दिसली.

हे आपल्याला नवीन आहे काय? आमच्या टोळीत माणसं चौदा, मस्टरवर अठरा. वरच्या चौघांची मजुरी मुकादम आणि त्याचे साहेब वाटून खातात. एका रात्री त्यात माझं नाव होतं. मी एका शेडात घाम गाळतोय आणि कागदावरचा मी दुसऱ्या शेडात हजर! नेमक्या त्याच शेडातून कापडाच्या गाठी गेल्या. चौकशीला कागदावरचा मी थोडाच येणार? मलाच बोलावलं. "सही तुझी नसंल, नाव तर तुझंच ना?" दीड महिना काम नाही. आई दारोदार उसनं मागत फिरली.

ग्रीनच्या पुस्तकात हेच होतं. यादीतल्या सिफुएंतेस नावाच्या इंजिनियरला कशाचा पत्ता नाही, त्याच्यावर गोळी झाडतात. राऊल नावाचा वैमानिक वर्मोल्डनं मनानं रचलेला. त्याच नावाचा खराखुरा वैमानिक मोटारीत मरतो. कारण शत्रूलाही ते खोटं खरंच वाटलं. शेवटी लंडनमध्ये भांडं फुटतं. शिक्षा? छे! खात्याची अब्रू जाईल, म्हणून वर्मोल्डला सरकारी किताब आणि वर नोकरी.

१९६२ साली क्युबात खरोखरच क्षेपणास्त्रं आली, म्हणून काहीजण ग्रीनला द्रष्टा म्हणतात. मला त्यात रस नाही. मला दिसते ती २००३ सालची ५ फेब्रुवारी. त्या दिवशी अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यानं संयुक्त राष्ट्रांत इराकच्या फिरत्या जंतू-कारखान्यांची चित्रं दाखवली. फोटो नव्हेत, काढलेली चित्रं! जर्मनीत आश्रयाला आलेल्या एका इराक्याच्या सांगण्यावरची. २०११ साली त्यानं कबूल केलं, मी खोटं बोललो. ती शस्त्रं सापडलीच नाहीत. पण मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं, आणि त्याच महिन्यात इराकी तेलविहिरींच्या दुरुस्तीचं कंत्राट हॅलिबर्टनच्या केबीआर कंपनीला मिळालं, दुसऱ्या कुणाची बोली न घेता. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी २००० पर्यंत याच हॅलिबर्टनचा प्रमुख होता.

ग्रीनवर माझा राग इथंच आहे. तो साहेबांच्या मूर्खपणावर हसवतो, पण त्या मूर्खपणावर गल्ला भरणारा त्याच्या पुस्तकात जवळपास नाहीच. आणि त्या गल्ल्यासाठी राबणारा तर नाहीच नाही. युद्धातल्या तळावर भांडी घासायला, गोण्या उचलायला माणसं लागतात. ऑगस्ट २००४ मध्ये बारा नेपाळी मजूर केबीआरच्या पोटकंत्राटदाराकडं कामाला इराकमधल्या तळावर निघाले होते. वाटेत त्यांना पळवलं आणि ठार केलं. त्यातल्या काहींना जॉर्डनच्या हॉटेलात काम आहे म्हणून घरून आणलं होतं. पोटकंत्राटदार म्हणजे काय, हे इथं बसलेल्यांना शिकवायला नको.

एक राहिलं. ही कादंबरी सुरू होते ती रस्त्यानं लंगडत जाणाऱ्या एका काळ्या माणसापासून. शर्ट फाटका, बरगड्या दिसतायत, एकेक पाऊल मोजत चाललाय. बारमधला गोरा डॉक्टर त्याला ज्या शब्दानं ओळखतो तो शब्द शिवीच आहे. पहिल्याच वाक्यात! त्या पानावर मी पेन्सिलीनं खूण केलीय. पुस्तकाची पानं सुटलीत, पण ज्याला वाचायचंय त्यानं घेऊन जावं. डिक्शनरी मात्र परत पाहिजे.