पूल झाला, नदीचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पुढे अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. त्या कामाविषयी कुरकुर करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. जीर्ण पूल बदललेच पाहिजेत, आणि तेही माणसे मरण्याआधी.

मात्र पूल बदलताना नदीचा विचार कोणत्या अंगाने होतो, हे आपण नीट पाहिले पाहिजे. अभियंते महत्तम पुराचा अंदाज घेतात, पाण्याचा वेग काढतात, खांबाशी तळ किती उकरला जाईल याचे गणित मांडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार मधल्या खांबापाशी ही खोदण सरासरीच्या दुप्पट धरली जाते. या साऱ्याचा प्रश्न एकच : नदी पुलाचे काय करील? पूल नदीचे काय करील, हा उलटा प्रश्न विचारण्याचे बंधन फारसे कोणावर नाही. पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेत महामार्ग आहेत. एकट्यादुकट्या पुलाच्या पुनर्बांधणीची स्वतंत्र नोंद तीत नाही. जागा वनात किंवा सागरकिनारा नियमनाच्या टापूत असली, तर वेगळी परवानगी लागते.

आणि आघात तर उघड्या डोळ्यांना दिसतो. खांबांच्या कामासाठी पात्रात माती-मुरमाचा भराव घालतात. वाहतुकीसाठी सिमेंटच्या नळ्या टाकून वळणरस्ता करतात. पूल पुरा झाला की उद्घाटनाचा मांडव उतरतो, पण भराव मात्र तिथेच राहतो. पहिल्या पुरात तो खाली वाहतो आणि डोह गाळाने भरतात. नळीचे तोंड तळापासून हातभर उंच राहिले, तर मृगाच्या पाण्याबरोबर वर निघालेले चढणीचे मासे तिथेच अडतात. भोई-कोळ्यांचे नुकसान कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही, कारण त्यांचा सातबारा पाण्यावर नसतो! दोन्ही बाजूंचे जोडरस्ते उंच भरावावर घेऊन मोरी तोकडी ठेवली, की पुराचे पाणी मागे फुगते. ते प्रथम शिरते नदीकाठच्या सखल वस्तीत. आणि आपल्या गावांत सखल जागी कोण राहतो, हे तुम्हांला सांगायला नको.

जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडकरांनी केवळ मदत मागितली नाही. सावित्रीतला गाळ काढा आणि दासगावजवळ रेल्वेच्या भरावाने अडणाऱ्या पाण्याला वाट करून द्या, अशी त्यांची मागणी होती. महापुराची कारणे अनेक. अतिवृष्टी त्यांत मुख्य. तरीही नदीकाठच्या सामान्य माणसाने पात्राच्या रुंदीचा हिशेब मागावा, ही मला मोठी राजकीय घटना वाटते.

तेव्हा आपल्या तालुक्यात कुठलाही पूल बदलायचा ठरला, की कार्यकर्त्याने निविदेची प्रत माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. भराव आणि जुन्या पुलाचा राडारोडा पात्राबाहेर नेण्याचे कलम तीत आहे काय, त्यासाठी पैसा धरला आहे काय, हे पाहावे. कामापूर्वी आणि कामानंतर पात्राचे आडवे छेद मोजून ते ग्रामसभेपुढे मांडायला लावावेत. ठेकेदाराचे शेवटचे बिल त्या ग्रामसभेनंतरच निघावे, असा आग्रह आपण धरू.