ज्या धोक्याला वास नाही



 महाराष्ट्रातून भिलाईच्या या संमेलनाला निघण्याआधी तुमच्यापैकी काहींनी फोनवर हळूच विचारलं, "तिकडे नक्षलवाद्यांचं काय?" रागावलो नाही. 25 मे 2013 च्या झीरम घाटीतल्या हल्ल्याची दृश्यं सगळ्या देशाने पाहिली. ते ठिकाण इथून तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे, हे पडद्यावर थोडंच कळतं!

आजचा विषयही असाच पडद्याचा, परदेशी आपत्तींच्या बातम्यांचा. 11 मार्च 2011 ला जपानमध्ये भूकंप होऊन त्सुनामी आली. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांवर माणसं. बहुतेक पाण्याने नेली. वाहिन्यांनी मात्र अणुवीज केंद्रातला स्फोट इतक्यांदा दाखवला, की आपल्या लेखी त्या साऱ्या संकटाचं नावच 'फुकुशिमा' झालं. महिनाभरात इकडे कोकणातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा विरोध पेटला. 18 एप्रिलला गोळीबारात एक तरुण गेला. कोकणातली माणसं टीव्ही पाहून बिथरली, असं तेव्हा बोललं गेलं. मला ते कधीच पटलं नाही. तिथल्या माडबन गावच्या जमिनी आणि साखरी नाट्याची मासेमारी, ही गाऱ्हाणी जपानच्या आधीची. त्या बातमीने ती मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत ऐकू गेली, एवढंच.

आता घरचं बोलतो. 12 जून 2014 ला इथल्या पोलाद कारखान्याच्या पंपहाउसमध्ये विषारी वायू शिरला. सहा जण गेले. 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीचा स्फोट झाला, त्यात त्याहून जास्त. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. कॅमेऱ्याने दाखवावं तरी काय? त्सुनामीची लाट कशी येते हे माझी नातवंडं हातवारे करून सांगतात. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही या वायूची लक्षणं मात्र त्यांना कुणी सांगितली नव्हती. मीही नाही.

म्हणून वक्त्यांना विनंती, वाहिन्यांना झोडपून टाळ्या घेऊ नका. टीव्हीवर काय बघावं यापेक्षा आपल्या वस्तीत काय बघावं, ते सांगा.

आणि हो, या सभागृहाचं मागचं दार आज उघडं ठेवलंय. बसण्याआधी कुठे आहे ते एकदा पाहून घ्या.