गव्हाणीची पूर्वतयारी



आगमनकाळ लागला की आपल्या वसईत मुले पेंढा, बांबू, माती गोळा करून गोठा उभारू लागतात. ही हौस आम्हांस प्रिय आहे. तीस कोणी बोल लावू नये. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाण, बैल व गाढव मांडून नाताळ साजरा केला. त्याच्याच संघात वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया आपला व्यापार सोडून शिरला, आणि १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर त्याने प्राण अर्पिले. व्यापार सोडणे त्याला साधले. आपणांस हातभर बांध सोडवत नाही!

वाड्यांना मोल चढल्यापासून किती सख्ख्या भावांत अबोला आला आहे! देऊळ एक, विहीर एक, परंतु मिस्सा संपताच दोघे दोन दारांनी बाहेर पडतात. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, ही प्रभूचीच आज्ञा होय. तेव्हा पापनिवेदनास जाण्यापूर्वी आपण भावाच्या उंबऱ्याशी जावे. दावा कोर्टात चालू असेल. तथापि भावास हाक मारण्यास कोणत्याही कोर्टाची मनाई नाही.

आगमनाचे रविवार चार खरे, परंतु नाताळ सोमवारी आल्यास हा काळ अवघ्या २२ दिवसांचा असतो. बाळ येशूची मूर्ती नाताळच्या रात्रीच गव्हाणीत ठेवावयाची. तोवर ती रिकामी. तीत पेंढा अंथरावयास यंदा त्या भावाची मुले बोलवावीत.